केस गळताहेत की तुटताहेत? केसांच्या नेहमीच्या तक्रारींमागचं विज्ञान, पायरी पायरीने

केसांची तक्रार सुरू झाली की बहुतेक घरांत आधी तेल बदलतं, मग शाम्पू बदलतो, आणि शेवटी कुणीतरी सांगितलेल्या गोळ्या सुरू होतात. चार-सहा महिने जातात, पैसे जातात, तक्रार मात्र तशीच राहते. याचं मोठं कारण असं की तक्रार नेमकी कुठे आहे हे आधी कुणी बघितलेलंच नसतं.

ती तीन ठिकाणी असू शकते. त्वचेच्या आत असलेल्या मुळात, डोक्याच्या त्वचेवर, किंवा त्वचेबाहेर वाढलेल्या केसात. मूळ आणि त्वचा जिवंत असतात, त्यांना आजार होतो आणि औषधही लागू पडतं. बाहेरचा केस मात्र केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचा बनलेला असतो. त्यात रक्तवाहिनी नाही की मज्जातंतू नाही, म्हणून तर कापताना दुखत नाही. एकदा बाहेर आलेल्या केसाला पोषण देता येत नाही, त्याची फक्त राखण करता येते. 'मुळापासून टोकापर्यंत पोषण' देणाऱ्या बाटल्यांवर खर्च करण्याआधी एवढं लक्षात घेतलं तरी बरेच पैसे वाचतील.

म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिल्या दोन पायऱ्यांना एक पैसाही लागत नाही.

पहिली पायरी: गळलेला केस हातात घेऊन बघा

विंचरून झाल्यावर गुंतवळ लगेच टाकू नका. त्यातले दहा-पंधरा केस सोडवा, एखाद्या गडद कापडावर ठेवा आणि उजेडात दोन्ही टोकं नीट बघा.

एका टोकाला टाचणीच्या टोकाएवढा पांढरट ठिपका दिसत असेल आणि केस पूर्ण लांबीचा असेल, तर तो केस मुळातून सुटून आलेला आहे. हा पांढरा ठिपका बघून पुष्कळ जण घाबरतात, केस मुळासकट उपटून आला असं त्यांना वाटतं. तसं नसतं. विश्रांतीच्या अवस्थेतल्या केसाचं टोक असंच गोलसर आणि पांढरं असतं. केस तयार करणारी पिशवी त्वचेतच राहते आणि तिथून पुन्हा केस येतो.

ठिपका नसेल, केस आखूड असेल, लांबी कमी-जास्त असेल, तर तो मध्येच तुटलेला आहे. इथे मुळाचा काही दोष नाही. बाहेरच्या केसावर काहीतरी अत्याचार होतो आहे आणि त्याचं उत्तर धुणं, विंचरणं, बांधणं, रंग आणि उष्णता यांत शोधायचं आहे. अशा माणसाने रक्ताच्या तपासण्यांमागे धावण्यात अर्थ नाही, त्याने सरळ चौथ्या पायरीपासून पुढे वाचावं.

आता किती केस गळणं साधारण मानायचं? हा हिशोब सोपा आहे. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, आणि पुढे साधारण तीन महिने तो नुसता बसून असतो. त्यानंतर तो गळतो आणि त्याच जागी नवा येतो. कुठल्याही वेळी दहा टक्क्यांच्या आसपास केस या बसून राहण्याच्या अवस्थेत असतात. म्हणजे दहा हजार केस शंभर दिवसांत गळणार, रोजचे शंभर. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणं हे केसांचं चक्र सुरळीत चालू असल्याचं लक्षण आहे.

जे आठवड्यातून एकदाच डोक्यावरून न्हातात त्यांना त्या दिवशी मोठा पुंजका दिसतो, कारण आठवडाभर सुटून नुसते अडकून राहिलेले केस एकदम निघतात. 'धुतलं की केस जास्त गळतात' म्हणून धुणं लांबवणारे लोक पुढच्या वेळी आणखी मोठा पुंजका बघतात आणि आणखी घाबरतात.

मोजत बसण्यापेक्षा एक सोपी चाचणी करा. एक दिवस न धुतलेल्या केसांतली पन्नास-साठ केसांची बट मुळाजवळ चिमटीत धरा आणि हलक्या, सारख्या ओढीने टोकापर्यंत बोटं सरकवा. डोक्याच्या वेगवेगळ्या भागांवर असं करा. दर वेळी सहापेक्षा जास्त केस हातात येत असतील तर गळती खरोखर वाढलेली आहे.

दुसरी पायरी: तीन महिने मागे जा

मुळातून सुटलेले केस जास्त असतील, सगळ्या डोक्यावरून सारखेच गळत असतील आणि हे अलीकडेच सुरू झालं असेल, तर कॅलेंडर काढा. दोन ते तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं ते आठवा. डेंगी, टायफॉइड, कोविड किंवा कुठलाही जोराचा ताप? शस्त्रक्रिया? बाळंतपण? घरातला मृत्यू? महिन्याभरात आठ-दहा किलो उतरवणारं कडक डाएट?

अशा धक्क्याने वाढीला लागलेले पुष्कळसे केस एकदम विश्रांतीत जातात. पण विश्रांती तीन महिन्यांची असल्यामुळे ते लगेच गळत नाहीत. तोवर माणूस बरा झालेला असतो, ताप विसरलेला असतो, आणि केसांचा दोष जातो तो परवाच बदललेल्या शाम्पूवर किंवा नव्या घरातल्या पाण्यावर. कोविडनंतर हे घराघरांत दिसलं.

बाळंतिणीचं तर हे ठरलेलंच आहे. गरोदरपणात वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे केस जास्त काळ वाढत राहतात, म्हणून त्या दिवसांत केस दाट वाटतात. बाळंतपणानंतर ते संप्रेरक खाली येतं आणि अडून बसलेले सगळे केस तीन-चार महिन्यांनी एकदम गळायला लागतात. बाळ आईला ओळखून हसू लागलं की आईचे केस गळतात, असं घरातल्या बायका म्हणतात. वेळेचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, बाळाच्या हसण्याचा मात्र त्यात हात नाही.

या गळतीवर खास औषध लागत नाही. कारण दूर झालेलं असेल तर ती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते. पुढे कपाळापाशी आणि भांगाजवळ आखूड, उभे राहणारे नवे केस दिसू लागतात. ते दिसले की निर्धास्त व्हा. या काळात पोटात नीट जेवण जाऊ द्या, विशेषतः प्रथिनं: डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे, जे घरात चालत असेल ते.

कारण सापडत नसेल किंवा गळती सहा महिन्यांनंतरही चालू असेल, तर डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड आणि ब-१२ तपासून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही हा साठा तळाला गेलेला असू शकतो आणि पाळी जास्त जाणाऱ्या बायकांमध्ये हे नेहमी दिसतं. शाकाहारी घरांत ब-१२ची कमतरता फार आहे, ती केस काळे राहण्याशीही निगडित आहे.

तपासणीआधी गोळ्या सुरू करू नका, हे मी आग्रहाने सांगते. बायोटिनचंच घ्या. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ आहे, पण 'केसांच्या गोळ्या' म्हणून ते सर्रास खपतं. त्याच्या मोठ्या मात्रेमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशाराच दिला. म्हणजे केस का गळतात हे शोधायला केलेली थायरॉइडची तपासणीच या गोळीने बिघडू शकते. गोळी चालू असेल तर प्रयोगशाळेत आणि डॉक्टरांना तसं आधी सांगा.

काही घटक जास्त झाले तरी केस गळतात, हे तर फारच थोड्यांना माहीत असतं. अ जीवनसत्त्व त्यातलं एक, सेलेनियम दुसरं. २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात काही गावांमधल्या लोकांचे केस अचानक, काही दिवसांत गळून टक्कल पडू लागलं, ती बातमी आठवत असेल. आधी शाम्पूवर संशय गेला, पाण्यावर गेला, बुरशीवरही गेला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक गावांत आलं. पुढे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढलेलं आणि जस्त कमी झालेलं दाखवलं आणि रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी सूक्ष्म प्रमाणात. केसांसाठी म्हणून दोन-तीन प्रकारच्या मल्टिव्हिटामिन गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी प्रत्येक डबीवरचं सेलेनियम आणि अ जीवनसत्त्व एकदा बेरीज करून बघावं.

भांग रुंद होतोय, की चाई पडली आहे?

वरची गळती सगळीकडून होते. काही गळतींना मात्र ठरलेली जागा असते.

पुरुषांत कपाळाच्या दोन्ही बाजू मागे जातात आणि शेंडीच्या जागेवर विरळ होतं. बायकांत कपाळाची रेघ तशीच राहते, पण भांग हळूहळू रुंद होतो. ही आनुवंशिक गळती आहे, आणि ती वडिलांकडून येते तशी आईकडूनही येते. इथे डीएचटी या संप्रेरकाला संवेदनशील असलेली केसांची पिशवी प्रत्येक चक्रात आणखी लहान होत जाते आणि केस बारीक, आखूड, फिका होत जातो. म्हणजे केस संख्येने फारसे गळत नसतानाही डोकं विरळ दिसू लागतं. मुलींमध्ये याबरोबर पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस असतील, मुरुम जात नसतील, तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकं आणि बीजांडकोश यांच्याशी निगडित विकाराची, तपासणी करून घ्यावी.

यावर कुठलंही तेल चालत नाही. मिनॉक्सिडिल हे लावायचं औषध चालतं. मुळात ते रक्तदाबासाठी तोंडाने घ्यायचं औषध होतं, रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले आणि त्यातून हा उपयोग निघाला. पहिल्या काही आठवड्यांत गळती थोडी वाढते आणि घाबरून बरेच जण तिथेच थांबतात. खरं तर जुने केस ढकलून नवे निघत असल्याची ती खूण असते. परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि औषध सोडलं की मिळालेलं हळूहळू जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी ते वापरू नये. पुरुषांसाठी फिनास्टराइडची गोळी आहे, पण तीही फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने. हे उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके उपयोगी पडतात, कारण पिशवी पूर्ण आक्रसल्यावर तिला जागं करता येत नाही.

गुळगुळीत, रुपयाएवढा गोल डाग एकाएकी पडला तर ती चाई. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळावर उलटते आणि हा डाग पडतो. कांद्याचा रस, लसूण चोळून त्वचा भाजून घेणारे लोक दवाखान्यात नेहमी येतात. लहान डाग पुष्कळदा आपोआपही भरतात, म्हणून ज्याने त्या सुमाराला जे चोळलं त्याला यश मिळतं. लहान मुलाच्या डोक्यावर डाग असून त्यावर खपली, कोंडा किंवा तुटलेल्या केसांचे खुंट असतील, तर तो बहुधा बुरशीचा आहे. तो नुसत्या मलमाने जात नाही, पोटातून औषध लागतं, आणि घरातल्या इतर मुलांनाही लागू शकतो.

तिसरी पायरी: कोंडा समजून घ्या

कोंडा म्हणजे कोरडी त्वचा, म्हणून भरपूर तेल, हा समज महाराष्ट्रात घराघरांत आहे आणि तोच कोंडा टिकवून ठेवतो.

प्रत्येक माणसाच्या डोक्यावर मॅलेसेझिया नावाचं यीस्ट राहतं. ते स्वतः मेदाम्लं तयार करू शकत नाही, त्यामुळे त्वचेतून पाझरणाऱ्या तेलावर जगतं. ते तेल फोडून वापरताना ओलेइक आम्लासारखे घटक मागे उरतात. काहींच्या त्वचेला ते सोसत नाहीत. मग खाज सुटते, त्वचा थोडी सुजते, आणि एरवी सुमारे महिन्याभरात सावकाश झडणाऱ्या पेशी घाईने, पुंजक्यांनी झडू लागतात. तोच खांद्यावर पडणारा कोंडा. तारुण्यात तो सुरू होतो, कारण तैलग्रंथी तेव्हाच जोरात काम करू लागतात.

यावर तेल थापलं तर सुटे कण चिकटून बसतात. दोन दिवस कोंडा दिसेनासा होतो, म्हणून उतारा पडल्यासारखं वाटतं. पण यीस्टला खाद्य मिळतं. कोंडा असेपर्यंत त्वचेवर तेल लावून रात्रभर ठेवू नका. हवंच असेल तर फक्त केसांच्या लांबीला लावा.

काम करणारा उपाय म्हणजे दोन टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. यात लोक एक गोष्ट हमखास चुकतात: फेस केला आणि लगेच धुतला. औषधाला त्वचेवर तीन ते पाच मिनिटं मिळाली पाहिजेत. केसांवर फेस नाचवण्यापेक्षा बोटांच्या पेरांनी तो त्वचेपर्यंत पोचवा, नखं लावू नका, आणि पाच मिनिटं होईपर्यंत अंगाला साबण लावून घ्या. नंतर कोंडा परत येऊ नये म्हणून आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा वापरत राहा. यीस्ट कायमचं जात नाही, ते ताब्यात ठेवायचं असतं.

लिंबू थेट चोळू नका. त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो आणि खाजवून आधीच सोललेल्या त्वचेची त्याने आग होते. खवले जाड, चांदीसारखे आणि केसांच्या रेषेबाहेर कपाळावर येत असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. तिथे त्वचारोगतज्ज्ञच हवेत.

चौथी पायरी: पाणी तपासा आणि धुण्याची पद्धत बदला

बाहेरच्या केसावर सूक्ष्म खवल्यांचे सहा ते दहा थर असतात. कौलारू छपरावरच्या कौलांसारखे ते एकावर एक चढलेले असतात आणि त्यांची मोकळी कड टोकाच्या दिशेला असते. खवले सपाट बसलेले असतील तर केस चमकतो आणि शेजारच्या केसावरून सहज घसरतो. कडा उचकटल्या की केस राठ लागतो, गुंततो आणि तुटतो. धुणं, विंचरणं, तेल यांबद्दलचे पुढचे सगळे नियम या खवल्यांसाठी आहेत.

अंगाच्या साबणाने केस धुणं पूर्ण बंद करा. साबणाचा पीएच नऊ-दहा असतो, डोक्याच्या त्वचेचा साडेपाचच्या आसपास. अल्कधर्मी पाण्यात केस फुगतो आणि खवले उचकटतात. त्यात पाणी जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेलं, असेल तर साबण कॅल्शियमशी जुळून न विरघळणारा चिकट थर बनतो आणि केसांवर बसतो. ज्या भागात बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येतं तिथे 'इथे राहायला आल्यापासून केस खराब झाले' ही तक्रार सतत ऐकू येते. ती राठपणाबद्दल असेल तर खरी आहे. पण जड पाण्याने केस मुळातून गळतात असा भक्कम पुरावा नाही, म्हणून पहिल्या पायरीतला ठिपका बघून मगच पाण्याला दोष द्या.

पाणी घरीच जोखता येतं. पारदर्शक बाटलीत पाऊण बाटली पाणी घ्या, साबणाचा थोडा कीस टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली स्वच्छ पाणी म्हणजे मऊ पाणी. फेस नाही आणि पाणी दुधाळ, म्हणजे जड. नळावर आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर जमत असेल तर वेगळा पुरावा नकोच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा (म्हणजे हाच जडपणा) योग्य मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरवेलचं पाणी कित्येकदा या वरच्या टोकाकडे असतं.

तुरटी फिरवून हे पाणी मऊ होत नाही, तुरटीने फक्त गाळ बसतो. उकळल्याने थोडा कठीणपणा जातो, सगळा नाही. परवडणारा मार्ग असा: शाम्पूच्या घटकांत ईडीटीए आहे का बघा, ते कॅल्शियम पकडून ठेवतं. आणि शेवटचे दोन-तीन तांबे पालिकेच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याचे घ्या. सोसायटीत आयन बदलणारा सॉफ्टनर बसवता आला तर सर्वांत उत्तम.

आता धुणं. आधी केस पूर्ण ओले करा. शाम्पू तळहातावरून थेट डोक्यावर ओतण्याऐवजी मगभर पाण्यात पातळ करून घ्या, म्हणजे तो एकाच जागी साचत नाही. तो त्वचेला लावायचा. लांबी वाहून येणाऱ्या फेसाने धुतली जाते, तिला चोळू नका. कंडिशनरचं उलटं आहे: तो मुळांना नको, कानांच्या खालच्या लांबीला लावायचा. ओल्या केसावर ऋण प्रभार असतो, विशेषतः जिथे खवले उचकटले आहेत तिथे जास्त, आणि कंडिशनरमधले धन प्रभाराचे रेणू नेमके तिथेच जाऊन चिकटतात. तीन मिनिटं ठेवून धुवा. 'कंडिशनरने केस गळतात' हे खरं नाही. लांब केस असणाऱ्यांना त्याची गरजच आहे: महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढ धरली तर कमरेपर्यंतच्या केसाचं टोक पाच वर्षांचं असतं, आणि त्या पाच वर्षांतलं ऊन, धूळ, विंचरणं सगळं त्याने सोसलेलं असतं.

शिकेकाई आणि रिठा चालतात का? चालतात. दोन्हींत सॅपोनिन असतं, तेच फेस करतं आणि तेल काढतं. शिकेकाईचं पाणी सौम्य आम्लधर्मी असतं, हा तिचा गुण. भुकटी थेट केसांत घातली तर तिचे कण खवल्यांवर घासतात, म्हणून शेंगा रात्री भिजवून, उकळून, गाळून फक्त पाणी वापरा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, रिठ्याने तर फार झोंबतं.

पाचवी पायरी: तेल कुठे, किती आणि कधी

तेलाने नवे केस उगवत नाहीत. पण खोबरेल तेल केस तुटण्यापासून वाचवतं, आणि याला चांगला पुरावा आहे. मॅरिको कंपनीच्या मुंबईतल्या संशोधन विभागातल्या आरती रेले आणि मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना आणि विंचरताना त्यातलं प्रथिन झिजतं, ती झीज फक्त खोबरेलाने कमी झाली. कंपनी खोबरेल विकणारी आहे, हे लक्षात ठेवूनच तो निष्कर्ष वाचावा, पण त्यामागचं कारण रसायनशास्त्राला धरून आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असतं, त्यामुळे ते खवल्यांमधून केसाच्या आत शिरतं. आत तेल असलं की धुताना केस पाण्याने कमी फुगतो आणि कमी झिजतो.

यातून पद्धत निघते. तेल धुण्याआधी काही तास किंवा आदल्या रात्री लावा, केसांच्या लांबीला आणि टोकांना लावा, आणि चमचा-दोन चमचेच लावा. तळवे तेलकट करून केसांवरून फिरवलं तरी पुरतं. चोवीस-पंचवीस अंशांखाली खोबरेल गोठतं, थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवा, कढत तेल डोक्यावर नको. आजीच्या हातची चंपी जरूर घ्या, तिने झोप चांगली लागते. फक्त मालिश करताना मुळांशी ओढाताण नको.

सहावी पायरी: गुंता, गाठ आणि उष्णता

ओला केस ताणाला कमजोर असतो. पाणी शिरल्यावर आतले हायड्रोजन बंध सुटतात, केस जास्त ताणला जातो आणि एका मर्यादेनंतर पूर्ववत होत नाही. म्हणून न्हाल्याबरोबर बारीक दातांचा कंगवा घेऊ नका. पंच्याने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या सुती कापडात केस गुंडाळून पाणी टिपा. अर्धवट वाळल्यावर रुंद दातांच्या कंगव्याने आधी टोकांचा गुंता, मग मधला, शेवटी मुळांकडून सलग.

विंचरणं सोडून दिलं तर काय होतं, याचं टोकाचं उदाहरण म्हणजे जट. उचकटलेले खवले एकमेकांत अडकतात, त्यात तेल, घाम, धूळ बसते आणि गळलेले केसही आतच गुरफटतात. हे पूर्णपणे घर्षणाचं काम आहे. तरीही देवीचा कोप समजून बायकांनी वर्षानुवर्षं मानेवर ते ओझं वागवलं आहे, आजही वागवताहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांना समजावून त्यांची जट कापून देतात. ओळखीत कुणाला जट असेल तर त्यांच्याशी संपर्क करून द्या. जट कापल्याने काहीही वाईट होत नाही, मान मोकळी होते.

घट्ट वेणी, करकचून बांधलेला आंबाडा, रोज त्याच जागी ओढलेला पोनीटेल यांनी कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. सुरुवातीला ते परत येतात, वर्षानुवर्षं ताण राहिला तर मूळ कायमचं जातं. शाळेतल्या मुलींच्या दोन घट्ट वेण्यांबद्दल आयांनी हे मनावर घ्यावं. वेणी घातल्यावर कपाळ दुखत असेल तर ती सैल करा.

ओल्या केसांवर इस्त्री कधीच फिरवू नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात आणि तिथे तो तुटतो. फाटे फुटलेलं टोक कुठल्याही सीरमने जुळत नाही, ते कापायचं. केस सरळ करण्याच्या 'केराटिन' उपचारांपासून मी सगळ्यांना दूर राहायला सांगते: कित्येकांत फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतं, आणि ग्लायऑक्सिलिक आम्ल असलेल्या काही उत्पादनांनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत.

रंगाबद्दल थोडक्यात. झटपट काळा करणाऱ्या बहुतेक रंगांत पीपीडी नावाचं, ॲलर्जी आणू शकणारं रसायन असतं, 'काळी मेहंदी' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांतही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून ४८ तास वाट बघा. दहा वर्षं सोसलेला रंगही अकराव्या वर्षी अंगावर उठू शकतो, म्हणून ही चाचणी दर वेळी करायची.

डॉक्टरांकडे जाताना

डाग पडले असतील, त्वचा दुखत किंवा पाझरत असेल, गळतीबरोबर वजन, पाळी किंवा थकव्यात फरक असेल, किंवा भांग वर्षभर रुंद होत असेल, तर सलूनच्या आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचाविभागाची ओपीडी असते आणि खर्च थोडा येतो.

दर महिन्याला एकाच खिडकीशी, एकाच उजेडात काढलेले भांगाचे फोटो सोबत न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या डब्या न्या, केसांच्या म्हणून घेतलेल्या तर नक्कीच. गेल्या सहा महिन्यांतले आजार आणि बदललेली औषधं तारखांसकट लिहून ठेवा. आदल्या दिवशी केस धुवून घ्या, पण तेल लावू नका आणि गळती लपवणारी पावडर किंवा रंगीत फायबर डोक्यावर घालू नका, कारण भिंगातून मुळं बघताना त्याखाली काहीच दिसत नाही.